दीर्घकालीन शीतपित्त : त्वचेबाहेरील लक्षणे

अंगावर खाजऱ्या गांधी उठणे, ओठ किंवा पापण्या सुजणे, आणि हे सहा आठवड्यांहून अधिक काळ रोज किंवा दिवसाआड चालू राहणे म्हणजे दीर्घकालीन शीतपित्त. वैद्यकात त्याला अर्टिकेरिया म्हणतात, पुण्यातल्या घरांत ‘पित्त उठलंय’ म्हणतात. साधारण शंभरात एका माणसाला तो केव्हा ना केव्हा होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण सुमारे दुप्पट असून सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान होते. हा आजार त्वचेचा मानला जातो आणि तपासलीही त्वचाच जाते. पण या रुग्णांपैकी पुष्कळांना सांधेदुखी, थकवा, डोकेदुखी, चेहऱ्यावर लाली व उष्णता, पोटाच्या तक्रारी, छातीत धडधड किंवा दम लागणे असे त्रासही होतात. त्या त्रासांची ही नोंद आहे.

अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १५५ रुग्णांना हे त्रास मुद्दाम विचारले गेले. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांनी त्यांपैकी एखादा तरी असल्याचे सांगितले. त्यांच्यात निम्म्याहून अधिक जणांना सांधे दुखणे वा सुजणे होते, जवळपास निम्म्यांना डोकेदुखी वा थकवा होता, धडधड मात्र दहातल्या एकालाच होती. ज्यांचा आजार जुना व तीव्र होता आणि ज्यांना पोटातून स्टेरॉइड घ्यावे लागले होते, त्यांच्यात अशा तक्रारी जास्त आढळल्या. त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात त्या सहसा नोंदल्या जात नाहीत, कारण डॉक्टर विचारत नाहीत आणि ‘हे हाडांच्या डॉक्टरांना दाखवू’ असे रुग्णाने आधीच ठरवलेले असते. आजाराची तीव्रता मोजण्यासाठी सर्वत्र वापरली जाणारी यूएएस-७ ही पट्टीही सात दिवसांतल्या गांधी आणि खाज एवढेच मोजते. ० ते ४२ गुणांच्या या पट्टीत थकव्याला एकही गुण नाही.

कारणमीमांसा : गांध उठते ती त्वचेतल्या मास्ट पेशींतून (या प्रतिकारशक्तीच्या पेशी) हिस्टामिन हे रसायन बाहेर पडल्यामुळे. ते केशवाहिन्या रुंदावते, त्यांतून द्रव झिरपतो आणि जागा फुगते. प्रत्येक गांध २४ तासांच्या आत मागमूस न ठेवता विरते. खोलवरची सूज ७२ तासांपर्यंत राहू शकते. मास्ट पेशी आतड्यात, श्वासमार्गात आणि रक्तवाहिन्यांभोवतीही असतात, आणि हिस्टामिन हृदयाची गती, जठरातले आम्ल, डोक्यातल्या रक्तवाहिन्या या सगळ्यांवर परिणाम करते. पुष्कळ रुग्णांत रोगाचे मूळ स्वप्रतिरक्षेत असते. शरीर स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध आयजीई जातीची प्रतिद्रव्ये (अँटिबॉडी) बनवते किंवा मास्ट पेशींवरच्या आयजीईच्या ग्राहकांविरुद्ध, म्हणजे आयजीई जिथे चिकटते त्या जागांविरुद्ध, आयजीजी जातीची प्रतिद्रव्ये बनवते. काहींच्या रक्तात सीआरपी आणि डी-डायमर हे दाहसूचक घटक वाढलेले आढळतात, म्हणजे सौम्य दाह सर्व शरीरात चालू असतो. अंग मोडून येणे आणि कणकण यांचा उलगडा बराचसा इथे होतो. तरीही प्रत्येक तक्रारीचे खापर हिस्टामिनवर फोडता येत नाही. झोपमोड, औषधे आणि सोबत असलेले दुसरे आजार यांचा वाटा मोठा आहे.

सांधे : सर्वांत जास्त सापडणारी ही तक्रार. गुडघे, मनगटे व बोटांचे सांधे गांधींच्या दिवसांत ठणकतात, गांधी ओसरल्या की बहुधा मोकळे होतात. संधिवाताप्रमाणे सांधा कायमचा वाकडा होत नाही. पुण्यात पावसाळ्यात आणि त्यानंतर या दुखण्याचा घोळ चिकुनगुन्याशी होतो. त्यातही पुरळ आणि सांधेदुखी दोन्ही असतात. पण चिकुनगुन्याची सुरुवात भरपूर तापाने होते, पुरळ काही दिवस एकाच जागी टिकते आणि सांधे महिनोन्‌महिने धरून राहतात. शीतपित्ताची गांध सकाळी दंडावर असते, दुपारी पोटावर.

या दुखण्यात एक पेच आहे, आणि तो प्रत्येक रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायला हवा. सांधे दुखले की माणूस कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणतो. दीर्घकालीन शीतपित्ताच्या बऱ्याच रुग्णांत, काही अंदाजांनुसार चौथ्या हिश्शापर्यंत, अ‍ॅस्पिरिन आणि या जातीच्या वेदनाशामकांनी गांधी आणखी भडकतात. मग गांधींबरोबर सांधेही जास्त दुखतात आणि दुसरी गोळी घेतली जाते. पॅरासिटामॉल बहुतेकांना सोसते. सर्दी-तापाच्या काही तयार मिश्रणांत आयब्युप्रोफेन लपलेले असते, म्हणून पाकिटामागचे बारीक अक्षर वाचायला हवे.

थकवा आणि झोप : गांधी आणि खाज संध्याकाळनंतर वाढण्याची प्रवृत्ती असते. रात्री दोनला उठून खाजवत बसणारा माणूस सकाळी हिंजवडीच्या बसमध्ये पेंगणारच, त्यात गूढ काही नाही. त्यात औषधांची भर पडते. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन ही जुनी हिस्टामिनविरोधी औषधे मेंदूत शिरतात. त्यांनी झोप येते खरी, पण ती गाढ व ताजेतवाने करणारी नसते आणि दुसऱ्या दिवशी डोके जड राहते. दुचाकी चालवणाऱ्याला हे धोक्याचे आहे. म्हणूनच जागतिक मार्गदर्शक सूचना फेक्सोफिनाडिन, बिलास्टिन, लेव्होसेटिरिझिन अशा दुसऱ्या पिढीच्या औषधांपासून सुरुवात करायला सांगतात आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा चौपटीपर्यंत नेतात. सेटिरिझिननेही काहींना गुंगी येते.

थकव्यामागे आणखी एक कारण वारंवार सापडते, ते म्हणजे थायरॉइड. या रुग्णांत थायरॉइडविरोधी प्रतिद्रव्ये इतरांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतात, त्यामुळे टीएसएच आणि टीपीओ प्रतिद्रव्ये या थायरॉइडच्या रक्तचाचण्या करणे योग्य ठरते. मात्र ‘फुल बॉडी चेकअप’च्या नावाखाली दोनशे पदार्थांच्या अ‍ॅलर्जीची महागडी यादी करून घेणे निरर्थक आहे. दीर्घकालीन शीतपित्त अन्नाच्या खऱ्या अ‍ॅलर्जीने क्वचितच होते, आणि त्या यादीवरून वांगे, दही, शेंगदाणे बंद केलेल्या माणसाचा अशक्तपणा तेवढा वाढतो. गाजरगवतावरही अनेकदा नाहक ठपका येतो. या गवताची भारतातली नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली आणि त्याने त्वचेला त्रास होतो हे खरे, पण तो खरजेसारखा, दिवसेंदिवस टिकणारा इसब असतो. विरून जाणाऱ्या गांधी नव्हेत.

चिंता आणि खिन्नता या रुग्णांत ठळकपणे जास्त असतात. लग्नकार्यात चेहरा सुजेल का, मुलाखतीच्या दिवशी ओठ फुगतील का, ही धास्ती अनुभवातून आलेली असते. ‘टेन्शन घेऊ नका, आपोआप जाईल’ हा सल्ला कार्यकारण उलटे धरतो. ताणाने गांधी वाढतात, तशाच गांधींनीही ताण वाढतो.

पोट, डोके : मळमळ, मुरडा, जुलाब, आम्लता हे त्रास गांधींबरोबर येतात व जातात. डोकेदुखी आणि कान-गाल एकदम तापून लाल होणे हेही तसेच. एरवी निरोगी माणसात त्यांची स्वतंत्र तपासणी क्वचितच लागते.

दाब, घाम, थंडी : विशिष्ट कारणाने उठणाऱ्या शीतपित्तात त्वचेबाहेरची लक्षणे अधिक स्पष्ट दिसतात. विलंबित दाबजन्य शीतपित्ताचे उदाहरण गणेशोत्सवातल्या ढोलपथकात शोधावे. कमरेला आवळलेला ढोल, हातात घट्ट धरलेले टिपरू, तीन-चार तास वादन. त्या वेळी काहीच होत नाही. चार ते सहा तासांनी, म्हणजे मध्यरात्री, पट्ट्याच्या जागी कमरेभोवती खोल, दुखरी सूज येते, तळहात मिटत नाही, अंगात कणकण भरते, सांधे ठणकतात. सकाळी घरचे म्हणतात, ‘एवढं वाजवलंस, अंग दुखणारच.’ पण सोबतच्या साऱ्या वादकांचे दुखते ते दंड आणि पाठ. या आजाराची सूज मात्र नेमकी दाबाच्या जागी असते आणि दोन-तीन दिवस टिकू शकते. सिंहगड चढून आल्यावर रात्री तळपाय सुजून पाऊल न टेकवणे हाही तोच प्रकार. यात साध्या हिस्टामिनविरोधी गोळ्या बऱ्याचदा कमी पडतात.

घामाने उठणाऱ्या शीतपित्तात पर्वतीच्या पायऱ्या अर्ध्या चढेपर्यंतच छाती-पाठीवर मोहरीएवढ्या गांधी येतात, सोबत डोकेदुखी, लाळ सुटणे, पोटात कळ. थंडीने उठणारा प्रकार सर्वांत जपण्यासारखा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा कधी कधी १० अंशांखाली जातो. हातमोज्यांविना दुचाकी चालवणाऱ्याची बोटे फुगतात, तिथवर ठीक. पण अशा माणसाने गार पाण्याच्या तलावात सूर मारला, तर सर्वांगातून एकदम हिस्टामिन सुटून रक्तदाब कोसळू शकतो आणि पाण्यातच शुद्ध हरपू शकते. त्याने एकट्याने पोहू नये.

श्वास आणि शुद्ध : दीर्घकालीन शीतपित्तात सर्वांगावर एकदम येणारी, जिवावर बेतणारी तीव्र प्रतिक्रिया, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस विरळा. तरीही गांधींबरोबर घसा आवळणे, आवाज बसणे, धाप, चक्कर, वारंवार उलटी यांपैकी काही आले, तर गोळी घेऊन वाट पाहत बसू नये. मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार, आणि महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

दुसरा आजार केव्हा ओळखावा : त्वचेबाहेरचे लक्षण आहे म्हणून घाबरण्याचे कारण नसले, तरी काही जोड्या डॉक्टरला थबकायला लावतात. गांध एकाच जागी २४ तासांहून अधिक टिकते, खाजण्यापेक्षा जळजळते आणि जाताना निळसर-तपकिरी डाग ठेवते, सोबत ताप व सांधेदुखी असेल, तर शीतपित्तसदृश वाहिनीदाहाची, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांच्याच दाहाची, शंका येते. मग त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागतो आणि रक्तातले सी-३, सी-४ हे प्रतिकारशक्तीचे पूरक घटक पाहावे लागतात. घरी करता येण्याजोगी साधी चाचणी अशी : नवी गांध उठली की बॉलपेनने तिच्या कडेने रेघ ओढावी, वेळ लिहावी, मोबाइलवर फोटो काढावा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहावे. रेघेतली त्वचा स्वच्छ असेल तर निम्मी शंका मिटली. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत अंग कोरे झालेले असते, म्हणून हे फोटो फार उपयोगी पडतात. दीर्घकाळ येणारा ताप, हाडांत दुखणे आणि गांधी असे त्रिकूट मध्यमवयात दिसले, तर श्नित्झलर संलक्षण हा दुर्मीळ आजार आठवावा. त्यात रक्तात बहुधा आयजीएम या प्रतिद्रव्याचे एकाच जातीचे प्रथिन सापडते. गांधी अजिबात नाहीत, पण ओठ-हात सुजतात आणि पोटात असह्य कळा येतात, हे चित्र आनुवंशिक वाहिनीशोफाचे, म्हणजे घराण्यात चालणाऱ्या खोल सुजेच्या आजाराचे. त्यावर हिस्टामिनविरोधी गोळ्या चालतच नाहीत. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्याच्या जिभेला सूज आली तर आधी ती गोळी संशयित धरावी.

परंपरेतील उल्लेख : आमसूल भिजवून त्याचे पाणी अंगाला लावणे, गेरू चोळणे हे उपाय पुण्यात अजून चालतात. गारव्याने खाज थोडा वेळ शमते. सांध्यांवर वा थकव्यावर त्यांचा उपयोग नाही. लक्षणे पाहण्यात मात्र जुने वैद्य चोख होते. ‘माधवनिदान’ या मध्ययुगीन आयुर्वेदग्रंथात शीतपित्ताच्या वर्णनात गांधीलमाशी चावल्यासारखी सूज व खाज तर आहेच, शिवाय उलटी, ताप, दाह हेही आहेत. पूर्वरूपात तहान, अरुची, मळमळ, अंग गळणे, शरीर जड होणे आणि डोळे लाल होणे दिले आहे. आजच्या गुणपट्टीत न बसणारी निम्मी यादी तिथे आहे.

उपचार : बहुतेकांच्या बाबतीत त्वचेबाहेरच्या लक्षणांवर वेगळे उपचार नसतात; गांधी पूर्ण आटोक्यात आणणे हाच थकव्यावर आणि सांध्यांवरचा उपाय. गोळ्यांनी भागले नाही तर आयजीईला बांधून ठेवणारे ओमालिझुमॅब दर चार आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम टोचतात. अमेरिका व युरोपात या आजारासाठी त्याला २०१४ साली मान्यता मिळाली. त्यानंतर अमेरिकेत २०२५ मध्ये ड्युपिलुमॅब आणि रेमिब्रुटिनिब यांना मान्यता मिळाली. पैकी दुसरे पोटातून घ्यायचे आहे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड फार तर आठ-दहा दिवस, तेही भडका उडाल्यावर. महिनोन्‌महिने घेतले तर वजन, साखर व रक्तदाब वाढतात, आणि एकाएकी थांबवले तर थकवा, अंगदुखी व मळमळ सुरू होते. हे त्रास शीतपित्ताचे समजून कित्येकदा पुन्हा स्टेरॉइडच दिले जाते.