मळकं पाणी जातं कुठे? रेकॉर्ड धुण्याच्या यंत्रांची पार्श्वभूमी

ग्रामोफोनच्या रेकॉर्ड धुण्याचं यंत्र घ्यायला निघालेला माणूस पहिल्याच दिवशी बुचकळ्यात पडतो. एकीकडे दोन ब्रश बसवलेला प्लास्टिकचा साधा हौद, दुसरीकडे त्याच्या कित्येक पट किमतीची, पंप आणि पंख्याने भरलेली पेटी. दोन्हींचा दावा एकच, की रेकॉर्ड स्वच्छ होते. खरं तर धूळ सुटी करणं तसं सोपं आहे. सुई ज्या खाचेतून चालते तिच्याबाहेर सुटलेली धूळ काढायची कशी, यावर सगळा खल झाला आहे.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जमान्यात हा प्रश्न कुणाला फारसा पडला नाही. त्या रेकॉर्ड लाखेच्या, आणि लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली. पोलादी सुई तिच्यावर घासून झिजायची, खाचेत नीट बसायची आणि बाजू संपली की बदलायची. खरखर मुळातच एवढी, की धुळीची वेगळी तक्रार कोण करणार? जून १९४८ मध्ये कोलंबिया या अमेरिकी कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड (एलपी) आणली, ती विनाइल या प्लास्टिकची. मागची खरखर गेली आणि एकेक कण ‘टिक’ करून ऐकू यायला लागला. ७८ च्या सुईच्या टोकाची त्रिज्या ७५ मायक्रॉनच्या आसपास असे, एलपीसाठी ती २५ वर आली. वीस मिनिटांच्या बाजूवरची खाच सरळ उलगडली तर चारशे मीटरच्या वर भरेल. त्यात विनाइल स्थिर विजेचा भार धरून ठेवतं. पाकिटातून काढताना किंवा कोरड्या फडक्याने पुसताना घर्षण झालं, की आसपासची धूळ ते स्वतःकडे ओढतं. पुसणाऱ्याच्याच हातून मळ वाढतो तो असा.

इंग्लंडमधल्या सेसिल वॉट्स यांनी १९५० च्या दशकात यावर ‘डस्ट बग’ काढला. हा एक छोटा दांडा. रेकॉर्ड वाजत असताना तो सुईच्या बरोबरीने आत सरकत जाई. त्याच्या टोकाचे केस खाचेत उतरत आणि मागची मऊ गुंडाळी सुटलेली धूळ धरून ठेवी. वॉट्स स्वतः लॅकरचा लेप दिलेल्या तबकड्यांवर थेट ध्वनिमुद्रण करण्याच्या धंद्यातले, त्यामुळे खाच त्यांना पाठ होती. नव्या, जपून वापरलेल्या रेकॉर्डला हा उपाय पुरेसा होता. बोटांचे तेलकट ठसे किंवा जुना चिकटलेला मळ मात्र त्याने हलत नसे. पुढे काहींनी रेकॉर्ड ओलीच वाजवायचा घाट घातला, सुईच्या पुढे द्रव सोडत जाणारा दांडा लावून. वाजताना आवाज छान यायचा. द्रव सुकला की मळाचा गाळ खाचेच्या तळाशी बसायचा, आणि मग ती रेकॉर्ड कोरडी वाजवली तर पहिल्यापेक्षा वाईट लागायची. यापेक्षा न धुतलेली परवडली.

खरी कलाटणी पर्सी विल्सन यांच्यामुळे मिळाली. ‘द ग्रामोफोन’ मासिकाची तांत्रिक बाजू सांभाळणारे हे गृहस्थ. रेकॉर्ड भरपूर भिजवावी आणि सुकायच्या आत पाणी मळासकट खेचून घ्यावं, ही त्यांची कल्पना. कीथ मंक्स यांनी १९६० चं दशक संपता संपता तिचं यंत्र केलं आणि बीबीसीसारख्या संस्थांनी ते वापरलं. त्यातली एक बारीकशी गोष्ट मला फार आवडते. शोषणाऱ्या नळीच्या तोंडाशी नायलॉनचा दोरा असतो. नळी रेकॉर्डला टेकू नये एवढं अंतर तो राखतो आणि रिळावरून सतत पुढे सरकत राहतो, म्हणजे खाचेला दर वेळी कोरा दोराच लागतो. नळी लेबलापासून कडेकडे सावकाश जाते, मळकं पाणी बरणीत जमतं. यंत्र अवाढव्य आणि महाग, घरात ठेवायचं नव्हेच.

घरासाठी १९७५ मध्ये स्पिन-क्लीन आलं, तोच तो हौद. रेकॉर्ड ब्रशांच्या मध्ये उभी ठेवून हाताने फिरवायची, नंतर फडक्याने टिपायची. पहिल्या दहा रेकॉर्डना पाणी चांगलं मिळतं. पुढच्या रेकॉर्ड मात्र आधीच्यांच्या पाण्यात न्हातात, आणि खाचेच्या तळापर्यंत फडकं पोचत नाही.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हीपीआय आणि निटी ग्रिटी या कंपन्यांनी शोषणयंत्र घरगुती आकारात आणलं. दोऱ्याच्या जागी लेबलापासून कडेपर्यंत लांब फट, तिच्या ओठांना मखमल. दोन-तीन फेऱ्यांत पाणी गायब. गंमत अशी, की त्याच सुमारास, १९८२ मध्ये, सीडी बाजारात आली. लोकांनी एलपीचे गठ्ठेच्या गठ्ठे काढून टाकले आणि शौकिनांच्या हाती दुसऱ्यांच्या बोटांचे ठसे उमटलेला माल स्वस्तात येऊ लागला. ही यंत्रं खपली ती अशा मालावर. त्यांचे दोष वापरणाऱ्यांना ठाऊक आहेत. आवाज झाडू मारायच्या व्हॅक्यूमसारखा कर्कश. मखमल मळली की तोच मळ पुढच्या रेकॉर्डला लागतो. आणि गरजेपेक्षा जास्त वेळ शोषत राहिलं तर कोरड्या रेकॉर्डवर पुन्हा स्थिर वीज येते.

अल्ट्रासॉनिक यंत्रं त्यामानाने कालची. पाण्यात कानाला न ऐकू येणारी कंपनं सोडली की सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि खाचेच्या भिंतीवरचा मळ उडवतात. कंपनं जितकी जलद, तितके बुडबुडे लहान. साध्या टाक्या बहुधा ४० किलोहर्ट्झवर चालतात. एस्टोनियात बनणारं डीग्रिटर १२० वर. ब्रशने घासायची गरज उरत नाही, पण टाकीतलं पाणी तेच फिरत राहतं. महागड्या यंत्रांत म्हणून गाळणी असते, रेकॉर्ड पंख्याने वाळते, आणि पाण्यात उरलेला मळ तेवढा वाळून जागच्या जागी बसतो.

द्रवाचं थोडक्यात: डिस्टिल्ड पाणी आणि अगदी थोडा, मागे थर न ठेवणारा साबणी घटक. अल्कोहोल विनाइलला बेताने चालतं, पण लाख त्यात विरघळते, तेव्हा संग्रहात ७८ च्या रेकॉर्ड असतील तर ती बाटली लांबच ठेवलेली बरी.

अनेक जुने संग्राहक आता दोन्ही पद्धती जोडून वापरतात. रेकॉर्ड अल्ट्रासॉनिक टाकीत धुवायची, पंखा चालूच करायचा नाही, आणि ओली असतानाच जुन्या शोषणयंत्रावर ठेवून पाणी खेचून घ्यायचं, विल्सन सांगत होते तसं.