नोटकरचे बोल

‘५२८ हर्ट्झवरचे प्राचीन ग्रेगोरियन गायन ऐका, पेशी दुरुस्त होतात’ हा व्हिडिओ पुन्हा फिरतोय. ग्रेगोरियन गायन म्हणजे मध्ययुगीन चर्चमधले लॅटिन प्रार्थनागायन. नवव्या शतकातल्या भिक्षूंकडे ना ट्यूनर होता ना ठरलेली पट्टी. ज्यांच्या नावाने कंपने मोजतात ते हर्ट्झ साहेब तर एकोणिसाव्या शतकातले. तेव्हाच्या स्वरखुणा सूर चढतो की उतरतो एवढेच सांगत, किती ते नाही. म्हणजे चाल पाठच हवी. मला रस आहे तो या पाठांतरात.

मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ‘आलेलुया’ या स्तुतिगीताच्या शेवटच्या अक्षरावर लांबच लांब ‘आ’ घेत. सेंट गालेन (आजचे स्वित्झर्लंड) मठातला भिक्षू नोटकर (टोपणनाव ‘तोतरा’, मृत्यू ९१२) लिहितो, की पोरवयात या लांबलचक चाली डोक्यात टिकतच नसत. मग नॉर्मन हल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या जुमिएज या फ्रान्समधल्या मठातून एक भिक्षू पोथी घेऊन आला. तिच्यात अशा चालींवर शब्द बसवलेले. नोटकरने स्वतः रचून पाहिले. गुरू इसोंनी दुरुस्ती सांगितली: चालीच्या प्रत्येक हालचालीला एकच अक्षर. आलेलुयाच्या मागोमाग येणारे म्हणून या प्रकाराचे नाव पडले सेक्वेन्स.

पाढ्यांत चाल शब्दांना धरून ठेवते. इथे शब्द चालीला धरतात, तबल्याचे बोल हाताला धरतात तसे. अल्पकालीन स्मृतीत एका वेळी मोजकेच गठ्ठे मावतात. एकाच ‘आ’वर ओढलेल्या चाळीस सुरांना सांधाच नसतो. अक्षरे आली की शब्द होतात, शब्दांच्या ओळी, आणि चाळीसाचे पाच-सहा गठ्ठे.

पुढची युक्ती मला त्याहून आवडते. बहुतेक सेक्वेन्समध्ये पहिली सोडून प्रत्येक सुरावट दोनदा येते, दुसऱ्यांदा नव्या शब्दांवर: अ, बब, कक, डड. जोडीतल्या ओळींची अक्षरसंख्या सारखी. एखादा सूर गळाला, तर दुसऱ्या फेरीत एक अक्षर शिल्लक राहते. संगणकातला पॅरिटी बिट हेच करतो: जादा माहिती पाठवायची आणि जुळवून चूक पकडायची. चूक कुठे झाली ते मात्र कळत नाही, एवढेच.

मध्ययुगात असे हजारो सेक्वेन्स रचले गेले. १५७० च्या कॅथलिक मिस्साग्रंथात चारच ठेवले, १७२७ मध्ये पाचवा जोडला. चारांपैकी ‘दिएस इरे’ (‘क्रोधाचा दिवस’, मृतांसाठीच्या मिस्सातला सेक्वेन्स) याची चाल भयपटांत इतकी वापरली गेली आहे की ती अपशकुनी आहे असे मानणारेही भेटतात. पेटीवर वाजवून पाहा, काही होत नाही: ग रे ग सा, रे नी सा सा (ग-नी कोमल, नी मंद्र). दि-एस इ-रे, दि-एस इल-ला. आठ सूर, आठ अक्षरे, शिल्लक शून्य.