कांद्याचं घड्याळ

परसातला एखादा कांदा मुळांसकट उपटा आणि उभा चिरून पाहा. मुळांच्या वर जी चपटी, कडक टिकली दिसते, तेवढंच कांद्याचं खोड. तिच्यावरचे पापुद्रे म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे. अगदी आतले काही सोडले, तर जवळजवळ प्रत्येक जाड पापुद्र्यामागे वर एक हिरवी पात असते किंवा होऊन गेलेली असते. म्हणजे कांदा किती मोठा होणार, हे तो फुगायला लागण्याआधी किती पाती फुटल्या यावर ठरतं.

फुगायचं कधी, हे मात्र खत ठरवत नाही, पाणीही ठरवत नाही. ते दिवस ठरवतो. वनस्पती दिवस-रात्रीची लांबी ओळखतात, हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखूच्या झाडांवर दाखवून दिलं. कांद्यात हे कसं चालतं, याचा जनुकांपर्यंतचा माग २०१३ मध्ये लागला. दिवस लहान असताना एक जनुक गड्डा धरण्याची क्रिया थोपवून धरतं. दिवस पुरेसा मोठा झाला की तो अडसर सुटतो, दुसरं जनुक जागं होतं आणि पातीत तयार झालेली साखर बुडख्यात साठू लागते. वाढती उष्णता या कामाला आणखी घाई करते.

आपल्या विदर्भात डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. फेब्रुवारी सरताना तो साडेअकराच्या पुढे जातो, एप्रिलच्या मध्यात साडेबारा होतो. आपल्याकडच्या वाणांना एवढी वाढ पुरते. थंड, दूरच्या उत्तरेकडच्या वाणांना चौदा-सोळा तासांचा दिवस लागतो, आणि तो आपल्याकडे जूनमध्येसुद्धा मिळत नाही. असं बी कुणी हौसेनं आणून दिलं तर पात भरपूर मिळेल, कांदा धरणार नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा ‘अकोला सफेद’ किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे ‘भीमा शक्ती’, ‘भीमा किरण’ हे रब्बीचे वाण घ्यावेत. बी त्याच वर्षीचं हवं. कांद्याच्या बीची उगवण वर्षभरात झपाट्यानं घटते.

मी एकदा कापूस वेचण्याच्या गडबडीत रोप लावायला फेब्रुवारी उजाडवला. माती तीच, शेणखत तेच, विहिरीचं पाणीही तेच. एप्रिलमध्ये हाती आले ते बोराएवढे कांदे. पाच-सहा पाती फुटतात न फुटतात तोच घड्याळाचा ठोका पडला होता.

म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस बी टाकावं आणि सहा-सात आठवड्यांनी, डिसेंबरच्या मध्यास लावणी करावी. फार आधी टाकून जाड झालेलं रोपही नको. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री पारा १० अंशांखाली उतरतो. एवढी थंडी जाड रोपाला लागली की ते हिवाळा सरला असं धरून चालतं, आणि गड्डा भरण्याऐवजी फुलाचा दांडा, म्हणजे डेंगळा, वर काढतं.

काळ्या मातीत गादी वाफा, म्हणजे जमिनीपासून उंच केलेला वाफाच बरा. ही माती पाणी धरून ठेवते, त्यात मुळं गुदमरतात. वाळली की ती भेगाळते आणि मुळं तुटतात. कांद्याची मुळं आखूड, बहुतेक वरच्या वीतभर मातीत असतात. म्हणून थोडं थोडं पाणी लवकर लवकर द्यावं. रोप खोल गाडू नये, गड्ड्याला मातीच्या वर फुगू द्यावं. दोन रोपांत १० सेंटिमीटर आणि दोन ओळींत १५ सेंटिमीटर अंतर पुरतं.

आमच्याकडे कांदा मोठा व्हावा म्हणून हिरवी पात पायानं मोडायची सवय आहे. ती सोडलीच पाहिजे. पात हीच कांद्याची चूल, ती विझवून गड्डा कसा भरेल? रोजच्या झुणक्यासाठी पात हवी असेल तर वाफ्याचा एक कोपरा वेगळा दाट लावावा आणि बाकीच्याला हात लावू नये.

एप्रिलमध्ये माना, म्हणजे गड्ड्यावरचे पातीचे बुंधे, आपोआप पडू लागतात. साधारण निम्म्या पडल्या की काढणी करावी, पाणी त्याआधीच दोन-तीन आठवडे तोडलेलं असावं. आपल्या उन्हात उघडा ठेवलेला कांदा भाजतो, तेव्हा त्याला त्याच्याच पातीनं झाकून तीन-चार दिवस वावरात ठेवावं. मग बोटाच्या पेराएवढी मान ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवायचं. मान नीट मिटली की रोगाचा शिरकाव कमी होतो. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या किंवा तुरीच्या तुराट्यांच्या माचावर, खालून वारा खेळेल असा पातळ थर पसरावा.

आषाढात कांदेनवमी येते, त्याच्या मागेपुढे माचावरचे काही कांदे कोंब दाखवू लागतात. त्यांची विश्रांती संपलेली असते. ते आधी खाऊन टाकावेत. जे घट्ट, कोंब न फुटलेले राहतील, त्यांतले चांगले आठ-दहा दिवाळीच्या सुमारास पुन्हा मातीत लावावेत. यंदा त्यांना डेंगळा येऊ द्यायचा. पांढऱ्या फुलांच्या चेंडूंवर मधमाश्या येतील आणि उन्हाळ्यात पुढच्या वाफ्याचं काळं बी घरातच मिळेल.