सावलीच्या बागेतील देशी नेचे (ठाणे–नवी मुंबई परिसर)

फुले, फळे व बिया न धरणाऱ्या आणि धुळीसारख्या सूक्ष्म बीजुकांपासून वाढणाऱ्या वनस्पतींच्या एका मोठ्या गटाला नेचे म्हणतात. येऊर, पारसिक आणि खारघरच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात त्यांचे अनेक प्रकार उगवतात. त्यांतील काही प्रकार इमारतीच्या सावलीतील वाफ्यात, तळमजल्याच्या अंगणात किंवा उत्तरेकडील गॅलरीत चांगले वाढतात. रोपवाटिकांत ‘फर्न’ म्हणून सर्रास मिळणारा झुपकेदार बोस्टन फर्न मूळचा अमेरिका खंडातील असून तो बारमाही पाणी मागतो. डोंगरावरच्या नेच्यांचा स्वभाव वेगळा आहे आणि तो न ओळखल्यामुळे त्यांची लागवड अनेकदा फसते.

या भागात वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि बहुतेक स्थानिक नेचे त्याच वेळापत्रकाने जगतात. ते पहिल्या सरींनंतर फुटतात, श्रावण-भाद्रपदात बीजुके धरतात, दिवाळीनंतर पिवळे पडू लागतात आणि उन्हाळा आडव्या खोडाच्या, म्हणजे मूलक्षोडाच्या, आधाराने काढतात. वैशाखात कुंडीत नुसत्या काळपट काड्या उरल्या की रोप मेले असे समजून माती ओतून देण्याची घाई होते, आणि नेमकी तीच टाळायला हवी. त्या दिवसांत कुंडी सावलीत ठेवून माती अधूनमधून जेमतेम ओली केली तरी पुरते. रोज पाणी घातल्यास झोपी गेलेले खोड कुजते.

सुरुवातीला हंसराज (अ‍ॅडिअँटम फिलिपेन्स) लावावा. त्याचा देठ काळा, तारेसारखा चकचकीत असतो, पर्णिका अर्धचंद्राकृती असतात आणि त्यांवर पाणी ठरत नाही. लांबलेल्या पानाचे टोक जमिनीला टेकले की तेथे मुळे फुटून नवे रोप तयार होते, त्यामुळे एका कुंडीच्या भोवती मातीचे चार पसरट भांडे मांडून ठेवले तर रोपे आपसूक वाढतात. मोठ्या, रुंद पानांची कोंबडनखी (टेक्टॅरिया) वाफ्याच्या मागच्या बाजूस शोभते. बाशिंग (ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया) मात्र मातीत लावू नये. तो झाडांच्या खोडांवर आणि खडकांवर वाढतो आणि त्याला दोन तऱ्हांची पाने येतात: खोडाला बिलगलेली, लवकरच तपकिरी व कागदासारखी होणारी आखूड पाने पडलेला पाचोळा अडवून धरतात, तर लांब, खोल कापलेली हिरवी पाने बीजुके धरतात. नारळाच्या सोडणावर मूलक्षोड ठेवून ते सुतळीने आंब्याच्या खोडाला बांधले की पावसाळ्यात ते स्वतःच पकड घेते. सुकलेली पाने ‘स्वच्छतेसाठी’ ओढून काढणे म्हणजे रोपाचे ताटच काढून घेणे होय.

वाफ्यातील मातीत निम्मा कुजका पालापाचोळा असावा आणि उरलेल्यात पोयटा व विटांचे बारीक तुकडे मिसळावेत. पाणी साचू देणारी चिकट माती नेच्यांना घातक ठरते. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे चालत नाही. रासायनिक खताची गरज नाही.

रोपे आणायची कोठून, हा खरा प्रश्न आहे. येऊरचा बराचसा वनभाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तेथून परवानगीशिवाय वनस्पती उपटून आणता येत नाहीत. त्यामुळे ओळखीच्या बागेतील मूलक्षोडाचा तुकडा मागून घ्यावा किंवा बीजुकांपासून रोपे करावीत. त्यासाठी मागच्या बाजूस पिकलेल्या बीजुकांचे तपकिरी ठिपके असलेले पान कागदाच्या घडीत एक-दोन दिवस ठेवले की कागदावर तपकिरी पूड पडते. उकळत्या पाण्याने धुऊन गार केलेली वीट पाण्याच्या ताटलीत उभी करून तिच्यावर ही पूड भुरभुरावी आणि वर पारदर्शक बरणी उपडी घालावी. काही आठवड्यांत विटेवर हिरवी झिलई येते. भिंगातून पाहिल्यास ती नखाहूनही लहान, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या चकत्यांची असल्याचे दिसते. या चकत्यांवर नर व मादी पेशी तयार होतात आणि नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपेशीपर्यंत जातात. म्हणूनच बरणीखालची ओल एकदा जरी पूर्ण आटली तरी सारी मेहनत वाया जाते. खरी पाने दिसायला काही महिने लागतात.

पानांमागे रांगेने उमटलेले तपकिरी ठिपके पाहून कीड समजून औषध फवारण्याची चूक नवखे हमखास करतात. हे ठिपके बहुधा बीजुकांचे पुंज असतात आणि शिरांच्या कडेने नेमक्या अंतरावर येतात. हंसराजात मात्र ते दुमडलेल्या कडेखाली दडलेले असतात. खवले कीड देठावर आणि पानांच्या दोन्ही बाजूंना कशीही विखुरलेली असते. शंका आल्यास एखादा ठिपका नखाने खरवडून पाहावा: कीड असेल तर खवला सुटून खाली ओल लागते, बीजुके असतील तर बोटावर कोरडी पूड उरते.