डांबराखालचा चर का खचतो?

पहिला वळीव झाला की बेळगावात नव्या रस्त्यावर लांबच लांब पट्टा खचलेला दिसतो आणि 'डांबर खाल्लं' अशी ओरड सुरू होते. पट्टा सरळ आहे, यातच सगळं आलं. डांबर कमी असतं तर खडी सुटून इथं-तिथं खड्डे पडले असते. सरळ खचतो तो पाइपलाइनचा चर: पाइप टाकून वर माती भरली, पण नीट दाबली नाही.

एक मीटर भराव कमाल घनतेच्या (माती दाबून जास्तीत जास्त जितकी घट्ट बसते तिच्या) ८५ टक्क्यांवर सोडला आणि पुढं पावसानं, गाड्यांनी तो ९५ टक्क्यांपर्यंत बसला, तर रस्ता साडेदहा सेंटिमीटर खाली जातो. तिथं मोटारसायकल घसरली की लोक नारळ-लिंबू उतरवून टाकतात. खालची माती त्यानं बसत नाही.

माती दाबायला पाणी लागतं, पण बेतानं. हे १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या राल्फ प्रॉक्टर या इंजिनिअरनं मांडलं. कोरडे कण एकमेकांना अडवतात. थोड्या ओलीनं ते सरकून जवळ येतात. ओल वाढत गेली की कणांमधली जागा पाणीच धरून बसतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे रॅमरखाली (माती ठोकून दाबायच्या यंत्राखाली) माती नुसती डुलते, घनता उलट घटते. तांबड्या मुरमाला साधारण १० ते १५ टक्के ओल पुरते, बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या मातीला २० च्या वर लागते. म्हणून टँकर लावून चर तुडुंब भरणं वाळूत खपतं, चिकण मातीत नाही. काळी माती तर भिजली की फुगते, वाळली की भेगाळते; ती चरात परत घालूच नये, मुरूम आणावा.

ओल बघायची तर मुठीत लाडू वळावा. कमरेइतक्या उंचीवरून टाकल्यावर दोन-तीन तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी, नुसता चपटला तर जास्त.

पाइपाखाली १० ते १५ सेंटिमीटर वाळू, दोन्ही कुशींना हातानं ठासून भराव, पाइपावर ३० सेंटिमीटरपर्यंत हलकाच धुम्मस. त्यावर १५-१५ सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थराला रॅमर. जेसीबीनं ढीग लोटून वरून एकदाच रोलर फिरवला, तर दाब तळापर्यंत पोचतच नाही. शेवटी जुन्या डांबराची कड दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर सरळ कापायची, तिला टॅक कोट, म्हणजे जुनं-नवं डांबर चिकटवणारा पातळ डांबराचा हात, लावायचा, नाहीतर सांध्यातून पाणी उतरतं. थराची घनता मोजायला छोटा खड्डा खणून निघालेली माती तोलतात आणि खड्ड्यात वाळू भरून त्याचं आकारमान काढतात. ती चाचणी डांबर पडण्याआधीच मागावी, नंतर रस्ता पुन्हा उकरावा लागतो.