ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या किट कारवर वेगळी बॉडी : कुठे कळवायचं, काय जोडायचं, गाडी कुठे अडते

किट कारची, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून स्वतः बांधलेल्या गाडीची, बॉडी उतरवून त्याच चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) दुसरी चढवायला ब्रिटनमध्ये बंदी नाही. पण कागदांचा पसारा किती होणार, हे बॉडीपेक्षा चासीच ठरवते. नवी बॉडी जुन्या माउंटिंगवर बसली आणि चासीला कटर लागला नाही, तर काम बहुधा नोंदणी प्रमाणपत्रातल्या दुरुस्तीवर भागतं. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) जुळवायला चासी कापली, लांबवली किंवा आखूड केली, की तो रचनेतला मोठा बदल झाला.

म्हणून बॉडीचे पैसे देण्याआधी टेप लावा. व्हीलबेस हबच्या मध्यापासून मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी मोजा. पुढचा आणि मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर), माउंटिंगच्या भोकांमधली अंतरं, स्टीअरिंग कॉलमचा कोन आणि रेडिएटरची उंची हेही लिहून ठेवा. व्हीलबेसमध्ये थोडा फरक निघाला तर चाकावरचा फायबरचा आर्च कापून सरकवावा आणि पुन्हा लॅमिनेट करावा. चासीला हात घालण्यापेक्षा ते खिशालाही परवडतं आणि फायलीलाही.

गाडी आधीच नोंदलेली असेल तर

नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे व्ही५सी, यातला वाहनाच्या तपशिलातील बदलांचा भाग भरून ते डीव्हीएलएला, म्हणजे वाहन नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेला, पाठवायचं. चासी किंवा बॉडीशेल बदललं, रंग बदलला, आसनसंख्या बदलली, इंजिन बदललं, तर कळवणं बंधनकारक आहे. टू-सीटरच्या जागी चार आसनी बॉडी आली, तर बॉडीचा प्रकार आणि आसनसंख्या दोन्ही कळवा. दुसरी नोंद लोक हमखास विसरतात. बॉडीचा प्रकार, चाकांची मांडणी किंवा चासी क्रमांक बदलणार असेल तर डीव्हीएलए गाडीची तपासणी मागू शकते.

सोबत बॉडीची पावती, आधीचे आणि नंतरचे फोटो, आणि काय बदललं व काय तसंच ठेवलं हे सांगणारं छोटं पत्र जोडा. बॉडी उतरवलेली असताना उघड्या चासीचे फोटो चारही बाजूंनी काढा, व्हीआयएनचा (वाहनाच्या ओळख क्रमांकाचा) ठसा वाचता येईल असा एक जवळून. चासीला हात लावला नाही, याचा याहून चांगला पुरावा नाही आणि बॉडी चढल्यावर तो मिळवता येत नाही. मूळ व्ही५सी जाणार, तेव्हा प्रत काढून ठेवा.

इथे एक जुना सल्ला अजून फिरतो : मूळ नोंदणी क्रमांक टिकवायला लागणाऱ्या आठ गुणांचं कोष्टक. त्यात मूळ, न बदललेल्या चासीला पाच गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, ट्रान्समिशन आणि स्टीअरिंगला प्रत्येकी दोन आणि इंजिनला एक गुण होता. चासीवरच्या वेगळ्या बॉडीला त्यात गुणच नव्हते. बीटल गाडीचा फ्लोअरपॅन (चासीचं काम करणारा तळ) आखूड करून बग्गी बांधणाऱ्यांचे पाच गुण एका कापात जायचे. २६ ऑगस्ट २०२५ पासून धोरण बदललं. रचनेत मोठा बदल केलेल्या वाहनालाही मूळ व्हीआयएन आणि क्रमांक ठेवता येतो, पण डीव्हीएलएला कळवावंच लागतं. मूळ रूप न बदलता केलेल्या दुरुस्तीने व्ही५सीतली माहितीही बदलत नसेल, तर तिची सूचना द्यावी लागत नाही. वेगळी बॉडी या सवलतीत बसत नाही.

नोंदणी अजून व्हायची असेल तर

आधी आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला मंजुरी देणारी तपासणी, मग नोंदणी. तपासणी ग्रेट ब्रिटनमध्ये डीव्हीएसए ही सरकारी संस्था करते, उत्तर आयर्लंडमध्ये डीव्हीए. चासी एका निर्मात्याची आणि बॉडी दुसऱ्याची असेल, तर अर्जापासून पावत्यांपर्यंत सगळीकडे वर्णन एकच हवं.

नोंदणीसाठी लागतात : सगळे भाग नवे असतील तर व्ही५५/४ आणि जुन्या गाडीचे भाग असतील तर व्ही५५/५ हा अर्ज, व्ही६२७/१ हा बांधणी अहवाल, आयव्हीए प्रमाणपत्र, भागांच्या पावत्या, बांधणीचा आराखडा, फोटो, डोनर गाडीचं (जिचे भाग वापरले तिचं) व्ही५सी, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, वाहन कर आणि ५५ पौंड नोंदणी शुल्क.

सगळे भाग नवे आणि फार तर एकच नव्यासारखा केलेला भाग असेल, तर चालू वर्षाचा क्रमांक मिळतो. किट निर्मात्याची नवी चासी आणि डोनरचे दोन मुख्य भाग असतील, तर डोनरच्या वयानुसार. पुरावा अपुरा पडला की ‘क्यू’ क्रमांक (वय किंवा ओळख अनिश्चित असलेल्या गाडीचा), आणि त्या गाडीवर पुढे पसंतीचा क्रमांक लावता येत नाही. पावत्या जपायच्या त्या याचसाठी.

बॉडीमुळे गाडी कुठे अडते

सगळ्यात जास्त अडते ती बाहेरच्या कडांवर. १०० मिमी व्यासाचा गोळा जिथे टेकतो, तिथल्या कडेची गोलाई किमान २.५ मिमी लागते. बोनेटचे बिजागर, आरशाचे दांडे, आर्चची कापलेली कड, नंबरप्लेटचे कोपरे, सगळं यात येतं.

दिव्यांची उंची बॉडी ठरवते, म्हणून फायबरला भोकं पाडण्याआधी गाडी चाकांवर, पूर्ण वजनानिशी उभी करून मोजा. डिप्ड बीम (हेडलाइटचा खालचा झोत) जमिनीपासून ५०० ते १२०० मिमीच्या आत हवा आणि गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४०० मिमीपेक्षा आत नको. मागचा फॉग लॅम्प मध्यावर किंवा उजवीकडे. फायबरमधून विजेचं अर्थिंग मिळत नाही. प्रत्येक दिव्याला चासीपर्यंत वेगळी अर्थ वायर न ओढल्यास इंडिकेटर लावताच ब्रेकलाइट मंद लुकलुकतो.

मडगार्डने चाकाच्या मध्यापासून पुढे ३० आणि मागे ५० अंशांपर्यंतचा भाग झाकला पाहिजे. सीटबेल्टचे अँकर चासीला किंवा तिला वेल्ड केलेल्या ब्रॅकेटलाच. फायबरच्या पत्र्यावर कितीही मोठा वॉशर लावला तरी तो ताण पेलत नाही. आणि नव्या बॉडीखाली व्हीआयएनचा ठसा झाकला गेला असेल, तर तिथे झडप ठेवा.

आधीच नोंदलेल्या गाडीला नव्याने आयव्हीए लागली नाही, तरी १९८९ चे वाहन-दिव्यांचे नियम आणि एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) आहेतच. विमा कंपनीला मात्र बॉडी चढवण्याआधी लेखी कळवा आणि तिचं लेखी उत्तर व्ही५सीच्या प्रतीसोबत ठेवा. न कळवलेल्या बदलावरून दावा नाकारला जाऊ शकतो.