गाठ काढल्यावर हात झाकायचा कशाने?

हाताच्या पाठीवर कॅन्सरची गाठ असेल तर सर्जन गाठीपुरतंच कापून थांबत नाही. कॅन्सरच्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून भोवतालची चांगली दिसणारी कातडीही थोडी काढावी लागते. इथे बहुतेक वेळा आढळतो तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर. वर्षानुवर्षं उन्हात राबलेल्या त्वचेत तो होतो, तसाच भाजल्याच्या जुन्या व्रणातही होतो. असा व्रण पुन्हा पुन्हा चिघळत असेल तर मलमावर दिवस काढू नयेत, बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, करून घ्यावी.

गाठ निघाली की खरा पेच सुरू होतो. हाताच्या पाठीची कातडी पातळ, तिच्याखाली चरबी नावालाच. त्यामुळे बोटं उचलणाऱ्या पांढऱ्या चकचकीत कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, लगेच उघड्या पडतात. कंडरेवरचं नाजूक आवरण शाबूत असेल तर मांडीवरून कातडीचा पातळ पापुद्रा काढून लावता येतो. यालाच त्वचारोपण किंवा ग्राफ्ट म्हणतात. या पापुद्र्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस तो जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगतो, मग खालच्या केशवाहिन्या त्याला येऊन मिळतात आणि पाच-सात दिवसांत तो धरतो. पण आवरण गेलेल्या कंडरेवर किंवा उघड्या हाडावर त्याला पोसायला खाली काहीच नसतं, तिथे तो काळा पडून मरतो.

अशा ठिकाणी फ्लॅप लागतो, म्हणजे कातडी आणि तिच्याखालची चरबी, आपल्या रक्तवाहिन्यांसकट. या कल्पनेच्या इतिहासात पुण्याचं नाव आहे. कावसजी हा इंग्रजांच्या फौजेतला मराठा बैलहाक्या टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक कापलं गेलं आणि एक हातही. पुढे पुण्याजवळ एका कुंभाराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ती हकीकत 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि युरोपातले सर्जन ही पद्धत शिकले. कपाळाच्या कातडीचा देठ न तोडता ती वळवायची, हेच त्यातलं मर्म.

हातासाठी असा भरवशाचा देठ 1972 साली जांघेत सापडला. मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी तिथल्या एका धमनीवर पोसलेली लांब पट्टी उचलून दाखवली. पट्टीचं टोक हाताच्या जखमेवर शिवतात आणि पेशंटचा हात सुमारे तीन आठवडे जांघेला जोडलेलाच राहतो. तेवढ्यात हाताकडून नव्या वाहिन्या आत शिरतात, मग देठ कापतात. तीन आठवडे एका हाताने जेवायचं, कूस सांभाळून झोपायचं, खांदा आखडू द्यायचा नाही. हे सोपं नाही, पण खास सूक्ष्मदर्शक नसलेल्या रुग्णालयातही या फ्लॅपने कितीतरी हात वाचवले आहेत.

माझ्या मते यातली सर्वांत विलक्षण युक्ती पुढबाहूच्या, म्हणजे कोपर ते मनगट या भागाच्या, फ्लॅपची. मनगटाला दोन मोठ्या धमन्या येतात, अंगठ्याच्या बाजूची आणि करंगळीच्या बाजूची. तळहातात त्या कमानीने एकमेकींना जोडलेल्या असतात. सर्जन अंगठ्याच्या बाजूच्या धमनीसकट कातडी उचलतो, ती धमनी कोपराकडच्या टोकाला बांधून कापतो आणि फ्लॅप हातावर उलटा वळवतो. आता रक्त करंगळीच्या बाजूने तळहातात उतरतं आणि कमानीतून उलट्या दिशेने फ्लॅपमध्ये चढतं. ही कमान नीट चालते का, हे आधी तपासतात: दोन्ही धमन्या दाबून धरायच्या, पेशंटला मूठ उघडझाप करायला लावायची, तळहात पांढरा पडला की करंगळीकडचा दाब सोडायचा. काही सेकंदांत तळहात लाल झाला तरच पुढे जायचं. मोबदल्यात एक मुख्य धमनी कायमची जाते, म्हणून आज अनेक सर्जन मांडीचा फ्लॅप पूर्ण सोडवून त्याच्या एक-दोन मिलिमीटरच्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली हातातल्या वाहिन्यांना शिवणं पसंत करतात.

कॅन्सरमध्ये मात्र क्रम चुकवून चालत नाही. काढलेल्या तुकड्याच्या कडा कॅन्सरमुक्त आहेत की नाही याबद्दल तो तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला शंका असेल, तर काही दिवस जखम नुसती झाकून ठेवावी आणि पक्क्या रिपोर्टची वाट पाहावी. गाठ काढताना वापरलेले हातमोजे आणि हत्यारं बदलल्याशिवाय फ्लॅप घ्यायच्या जागेला हात लावत नाहीत, नाहीतर पेशी तिकडे रुजण्याचा धोका. जखम झाकता येईल की नाही या धास्तीने गाठीभोवती हात आखडता घेणं ही सर्वांत महागडी काटकसर, आणि फ्लॅपचा मोठा उपयोग हाच की ती धास्ती उरत नाही.

पहिले दोन-तीन दिवस नर्स तासातासाला फ्लॅप पाहते. बोटाने दाबल्यावर दोन-तीन सेकंदांत रंग परतला तर ठीक. फ्लॅप पांढरा आणि गार पडला तर रक्त आत येत नाही, जांभळा होऊन फुगला तर बाहेर जात नाही. दोन्हींत पेशंटला लगेच ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागू शकतं. तंबाखू या काळात पूर्ण बंद, आणि त्यात मिश्रीही आली, कारण निकोटीनने वाहिन्या आकसतात. सर्जनने परवानगी दिली की फिजिओथेरपिस्ट बोटं हलवायला लावतो. जांघेची कातडी हातावर आली तरी स्वभाव सोडत नाही: वजन वाढलं की जाड होते, केसही उगवतात. काही महिन्यांनी छोट्या शस्त्रक्रियेत चरबी कमी करता येते. तपासणीला गेल्यावर डॉक्टर हाताबरोबर काखेत गाठी आल्यात का तेही चाचपतात, आणि फ्लॅप कितीही छान जमला असला तरी ही तपासणी चुकवू नये.